सात जोकर, एक टाइमलाइन: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

काम असं आहे. बॅटमॅनच्या गोष्टींतला जोकर हा एकच खलनायक, तो पडद्यावर उभा करणारे वेगवेगळे नट, आणि त्यांची तुलना करणारा वीसेक मिनिटांचा व्हिडिओ. "कोण भारी" टाइपचा करायचा नाहीये, तसे ढिगाने आहेत आणि निकाल सगळ्यांना आधीच माहीत असतो. उद्या कोणाला दुसरा एखादा व्हिलन घेऊन असंच काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून इथे लिहीत जाते, जे फसलं ते जास्त.

आधी यादी. नियम एकच ठेवला, जोकर सिनेमात आलेला पाहिजे. म्हणजे नुसते मालिकावाले बाद. सीझर रोमेरो खरं तर १९६६ ते १९६८ च्या मालिकेमुळे लक्षात आहे पण १९६६ चा सिनेमा आहे म्हणून तो आत आला. मग जॅक निकोल्सन १९८९, मार्क हॅमिल १९९३ (फक्त आवाज, पण 'मास्क ऑफ द फँटॅझम' हा थिएटरला लागलेला कार्टून सिनेमा आहे, त्यामुळे आत), हीथ लेजर २००८, जॅरेड लेटो २०१६ आणि २०२१, वाकीन फिनिक्स २०१९, बॅरी कोगन २०२२. कोगनचा सिनेमातला वाटा म्हणजे शेवटी मनोरुग्णालयाच्या कोठडीतली छोटी झलक, आणि नंतर ऑनलाइन सोडलेला एक कापलेला सीन. धरायचा का नाही यावर बरंच डोकं खाल्लं, शेवटी धरला. लेगोवाला झॅक गॅलिफिनाकिस सोडला, तो जोकरचीच मस्करी करणारा जोकर आहे, इतरांच्या रांगेत उभा केला तर त्याच्यावरही अन्याय.

८ फेब्रुवारी

शीट बनवलं. उभे कॉलम कोणते घ्यायचे हा प्रश्न, तर सरळ आपले नाट्यशास्त्रातले अभिनयाचे चार प्रकार घेतले, आंगिक (शरीर), वाचिक (आवाज), आहार्य (वेश, मेकअप), सात्त्विक (आतला भाव). आडवे सात नट. प्रत्येक घरात दहापैकी मार्क. ऐकायला काय मस्त वाटतं ना.

पार फसलं. एक तर मार्क देताना मी सिनेमा बघतच नव्हते, आठवणीला मार्क देत होते. लेजरला २००९ मध्ये मरणोत्तर ऑस्कर, फिनिक्सला २०२० मध्ये ऑस्कर, हे डोक्यात बसलेलं असल्यावर हात आपोआप नऊ-दहाकडे जातो आणि लेटोला तीन देताना जरासुद्धा वाईट वाटत नाही. दुसरी गोष्ट, घरं एकमेकांत सांडतात. निकोल्सनचं कायमचं ताणलेलं हसू हे मेकअप करणाऱ्या निक डडमनने चिकटवलेले तुकडे आहेत, म्हणजे आहार्य. पण तोंड हसरंच राहणार म्हटल्यावर राग, कंटाळा, लाडीगोडी सगळं भुवया आणि डोळ्यांतून काढावं लागतं आणि ते काम नटाचं. फिनिक्सने या रोलसाठी २४ किलोच्या आसपास वजन घटवलं, पाठीची हाडं दिसतात, आता हे आंगिक का आहार्य? दोन्हीकडे मार्क दिले तर तो फुकटात पुढे जातो.

मार्क काढून टाकले. कॉलम ठेवले पण त्यात आकड्यांऐवजी फक्त दिसतं ते लिहायचं, "जीभ ओठांवरून फिरवतो, बोलण्याच्या मध्ये", "खांदे कानाकडे", असं. वेळ जातो, पण दोन आठवड्यांनी परत वाचलं तरी अर्थ लागतो. "७/१०" चा लागत नाही.

१४ फेब्रुवारी

निवेदनाचा पहिला मसुदा लिहिला आणि त्यातला निम्मा उडवला. त्यात सगळ्या सेटवरच्या गोष्टी होत्या. अमुक क्षण नटाने ऐनवेळी सुचून केला, तमुकने सहकलाकारांना विचित्र भेटी पाठवल्या, वगैरे. वाचायला मजा येते पण पडद्यावर त्याचा पुरावा नसतो. भेट पाठवल्याने सीन चांगला झाला का? दिसत नाही. मग तुलनेत कशाला.

सगळ्यात आधी उडवली ती लेजरची दंतकथा, की या रोलने त्याचा जीव घेतला. जानेवारी २००८ मध्ये तो गेला ते डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांच्या मिश्रणाने, अपघाती मृत्यू असा वैद्यकीय निष्कर्ष आहे, आणि घरच्यांनीही नंतर सांगितलंय की हे काम त्याने मजेत केलं होतं. तरी लोक ती गोष्ट सोडत नाहीत, कारण तिच्यामुळे अभिनय आणखी "खोल" वाटतो. मला उलट वाटतं. मजेत केलंय हे माहीत असलं की सीन जास्त चांगला दिसतो, किती हिशोबाने चाललंय ते कळतं.

एक गोष्ट मात्र ठेवली, रोमेरोने मिशी काढायला नकार दिला आणि मिशीवरूनच पांढरा रंग फासला. ती ठेवली कारण ती दिसते. चांगल्या प्रतीत तर अगदी ढळढळीत दिसते.

कॉन्राड फाइटचा १९२८ च्या मूकपटातला ताणलेल्या हसूचा चेहरा, त्यावरून १९४० मध्ये कॉमिक्समधला जोकर, ही सुरुवात केली होती. छान होती, पण व्हिडिओ सुरूच होईना तिच्यामुळे. गेली.

२० फेब्रुवारी

तांत्रिक दिवस, म्हणजे वैतागाचा दिवस.

सात जणांना एका चौकटीत शेजारीशेजारी लावायचं होतं. पहिली अडचण फ्रेमचा आकार. १९८९ चा आणि २०१९ चा १.८५:१. २०१६ चा आणि २०२२ चा रुंद, २.३९:१. २०२१ ची झॅक स्नायडरवाली आवृत्ती जवळजवळ चौकोनी, १.३३:१. आणि २००८ चा तर डिस्कवर मधेच आकार बदलतो, आयमॅक्सवर शूट झालेले भाग पूर्ण पडदा भरतात आणि बाकीचे वरखाली पट्ट्या घेऊन येतात. सॉफ्टवेअरला "सगळे एकसारखे भर" सांगितलं तर त्याने रुंद फ्रेमच्या कडा कापल्या, आणि कडेलाच तर लेजर उभा असतो अर्धा वेळ.

जे चाललं ते असं: आकार रुंदीने नाही, चेहऱ्याने जुळवायचा. प्रत्येक क्लिपमध्ये हनुवटी ते केस एवढी उंची साधारण सारखी येईल इतपत मोठं-छोटं करायचं, आजूबाजूला काळं राहिलं तर राहू दे. दिसायला ओबडधोबड आहे पण नजर आकारात अडकत नाही, चेहऱ्यावर जाते. आणि एका वेळी दोनच, फार तर तीन. सात एकदम लावले तर टीव्हीच्या दुकानातली भिंत दिसते, कोणाकडेच बघवत नाही.

दुसरी अडचण रंग. काही प्रती एचडीआर (उजेड आणि रंग जास्त साठवणाऱ्या) होत्या, साध्या टाइमलाइनवर टाकल्या की धुतल्यासारख्या फिक्या. जोकरच्या बाबतीत हे फार महागात पडतं कारण पांढरा मेकअप, हिरवे केस, जांभळा कोट यांच्यावरच अर्धी ओळख आहे. आधी एसडीआरमध्ये, म्हणजे साध्या रंगपद्धतीत, नीट बदलून घ्या, मग कापा. मी कापून झाल्यावर बदलायला गेले आणि सगळे कट परत बसवावे लागले.

हार्ड डिस्क भरली. दुसरी घेतली. या अख्ख्या कामातला खरा खर्च म्हणाल तर हाच.

१ मार्च

आवाज बंद करून सगळं बघितलं. हा प्रयोग कोणीही करावा, पण त्यावर निकाल देऊ नये, का ते पुढे सांगते.

आवाज नसताना रोमेरो सगळ्यात "वाचता" येतो. हात, कंबर, मान, सगळं नाचतं, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळेल असं. निकोल्सन त्याच्यापेक्षा कमी हलतो असं माझ्या लक्षात आलं आणि नवल वाटलं, कारण डोक्यात तो सगळ्यात भडक होता. तो उभा राहतो, टोपी सावरतो, आणि फक्त मनगट फिरवतो. भडकपणा कपड्यांत आणि सेटमध्ये आहे, त्या सिनेमाला कलादिग्दर्शनाचं ऑस्कर उगाच नाही मिळालं. लेजर वाकलेला, डोकं पुढे, डोळे खालून वर. आणि ती जीभ. लेटो आवाज बंद केल्यावर चक्क सुधारतो, चालतो छान, हळू, मांजरासारखा, हे मी आधी कुठेच वाचलं नव्हतं.

फिनिक्सपाशी प्रयोग लंगडा पडला. बाथरूममधला नाच आवाजाशिवाय लावला तर अंगविक्षेप वाटतो, कशाला एवढं चाललंय कळत नाही. मग शोधल्यावर कळलं की हिल्डुर गुडनाडॉटिरचं संगीत शूटिंगच्या आधीच तयार होतं, तो चेलो सेटवर ऐकवला आणि त्यातून तो नाच निघाला. स्क्रिप्टमध्ये तिथे वेगळंच काही होतं. म्हणजे तो संगीतासोबतच अभिनय करत होता, मागून चिकटवलेलं पार्श्वसंगीत नव्हतं ते. लेजरच्या जोकरलाही चेलोच आहे, एकच सूर ताणत ताणत नेलेला, पण तो लेजरच्या अभिनयावर नंतर चढवलेला. दोघांचं संगीत काढलं तर एकाचा अभिनय उघडा पडतो आणि दुसऱ्याचा अर्धा कापला जातो. सारखी कात्री सगळ्यांना लावली म्हणून तुलना सारखी होत नाही, हे इथे कळलं.

संवाद वेगळे काढायचे असतील तर एक सोपी युक्ती, ५.१ साउंड असेल तर मधला चॅनल तेवढा घ्या, बोलणं बहुतेक तिथेच असतं. १९६६ चा सिनेमा मोनो, तिथे ही युक्ती चालत नाही, सगळं एकातच.

९ मार्च

हसण्याची पट्टी. सगळ्यांची हसणी एकापुढे एक लावली. जोकर म्हटलं की हसणं, मग याच्यापेक्षा उघड काय असणार.

बघवेना. मिनिटभर सलग हसणी ऐकली की डोकं बधिर होतं आणि हॅमिल सोडून सगळे सारखेच वाटायला लागतात. हॅमिल वाचतो कारण त्याच्या हसण्याला चढउतार आहे, सुरुवातीला नाकातून, मग पोटातून, मग कुठेतरी किंकाळीच्या जवळ. 'मास्क ऑफ द फँटॅझम'च्या शेवटी आजूबाजूला सगळं फुटतंय आणि हा हसतच सुटलाय, ते हसणं एकटं लावलं तरी त्यात गोष्ट आहे.

बाकीच्यांचं हसणं कापून घेतलं की मरतं. दादाला ऐकवलं (त्याला साउंडमधलं कळतं), तर तो म्हणाला, "अगं, तू फोडणीचा नुसता आवाज ऐकवतेयस, भाजी कुठाय?" बरोबर होतं त्याचं. मग प्रत्येक हसण्याच्या आधीची दहाएक सेकंद जोडली आणि चित्र बदललं. रोमेरो आपल्या माणसांना दाखवायला हसतो, हसताना बाजूला बघून घेतो. निकोल्सन स्वतःच्या विनोदावर हसतो, समोरचा मेला असला तरी. लेजर फार कमी हसतो, मुद्दाम मोजून बघा, आणि हसतो तेव्हा बहुतेक वेळा मार खाताना किंवा मारायला आलेल्याकडे बघून. फिनिक्सचं तर हसू नसून आजार आहे, बसमध्ये त्या लहान मुलाच्या आईला कार्ड काढून देतो त्यात तेच लिहिलेलं, आणि हसताना गळा आवळल्यासारखा चेहरा. त्यातही एक खोटं हसू आहे, चारचौघांत मिसळण्यासाठीचं, ते पटकन बंद होतं, बटण दाबल्यासारखं. लेटोचं हसू मला आजही कळलं नाहीये. हत्यारांच्या गोलात आडवा पडून हसतो तो शॉट पोस्टरसारखा दिसतो, पण त्याच्या आधी काय झालं ते सिनेमात नीट उरलेलंच नाही. त्याचं बरंच काम कापलं गेलं हे जगजाहीर आहे.

हसण्याचा भाग दोन मिनिटांवर आणला. मुख्य विषय हसणं नाही हे पक्कं झालं, पण मग काय, ते सुचेना. काही दिवस प्रोजेक्ट उघडलंच नाही.

१६ मार्च

सापडलं. हसण्याच्या आधीची दहा सेकंद जोडताना परत परत एकच गोष्ट समोर येत होती, समोरचा बोलत असतो आणि जोकर ऐकत असतो. ऐकताना तो काय करतो! बोलताना सगळ्यांच्या मदतीला लेखक असतो, ऐकताना नट एकटा.

तीन दिवस फक्त ऐकणारे जोकर जमवले.

लेजर. चौकशीचा सीन सगळ्यांना बॅटमॅनच्या ठोशांमुळे आठवतो. पण ठोशांमधल्या जागा बघा. बॅटमॅन बोलतो तेव्हा हा पुढे झुकतो, अगदी मन लावून, एखादा आवडता माणूस बऱ्याच दिवसांनी भेटल्यासारखा. धमकीला जेवढं लक्ष देतो तेवढं त्या सिनेमात कोणीच कोणाला देत नाही. सुरुवातीच्या बँकेच्या सीनमध्ये तर तोंडावर मास्क आहे, जखमी मॅनेजर खाली पडून सुनावतोय, आणि मास्कच्या आडूनही कळतं की हा ऐकतोय, मान तेवढी सांगते. मग मास्क निघतो.

निकोल्सन. माझी खात्री होती की हा ऐकत नाही, आपली पाळी यायची वाट बघतो. बऱ्याच ठिकाणी खरंच तसं आहे, गुंडांच्या बैठकीत समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी त्याचं उत्तर चेहऱ्यावर तयार असतं. पण नायिका व्हिकीच्या घरातला सीन काढला आणि गप्प बसले. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅनच, त्याला जॅक नावाच्या एका वाईट मुलाची गोष्ट सांगायला लागतो, म्हणजे त्याचीच, आणि निकोल्सन मध्ये एक गमतीचं वाक्य टाकून पुढे ऐकत राहतो. तोंडावर तेच चिकटवलेलं हसू, आणि वर डोळ्यांत हिशोब सुरू. हा माणूस मला ओळखतो का? किती ओळखतो? त्या मेकअपमध्ये हे करून दाखवणं म्हणजे, मला वाटतं, त्या सिनेमातलं त्याचं सगळ्यात अवघड काम हेच. संग्रहालयातली तोडफोड आणि नाचगाणं लोक आठवतात, मी हा सीन वर ठेवला.

फिनिक्स. इथे सिनेमाच ऐकण्यावर आहे. समुपदेशक बाईला तो तोंडावर सांगतो की तुम्ही माझं ऐकतच नाही. आणि तो स्वतः किती ऐकतो! कॉमेडी क्लबमध्ये दुसऱ्याचा कार्यक्रम ऐकताना वहीत टिपून घेतोय, आणि हसतोय सगळे हसतात त्याच्या भलत्याच जागी. एक शब्द न बोलता या माणसाचं काय बिघडलंय ते कळतं. पायऱ्यांवरचा नाच प्रसिद्ध आहे, असू दे, माझ्या लेखी हा वहीवाला शॉट जास्त मोठा.

रोमेरोला १९६६ मध्ये अडचण अशी की तो चार खलनायकांपैकी एक. पेंग्विन झालेला बर्जेस मेरेडिथ बहुतेक सूत्रं हातात घेतो, रिडलर उड्या मारतो, कॅटवुमन आहेच. पण म्हणूनच ऐकण्याचं फुटेज भरपूर मिळालं. मागे उभा राहून मान डोलावणं, खिदळणं, बोटं नाचवणं, हा एक क्षण रिकामा सोडत नाही. बारीक नाहीये ते, पण मेहनत आहे.

हॅमिलला चेहराच नाही, मग ऐकणार कसा? ऐकतो. म्हातारा वॅलेस्ट्रा मदत मागायला येतो त्या सीनमध्ये हॅमिलचा आवाज आधी लोण्यासारखा, पाहुणचार चाललाय, आणि म्हाताऱ्याने कॉलर धरली की दुसऱ्याच वाक्याला तापमान शून्यावर. चेहरा चित्रकारांनी काढलाय पण वळण आवाजात आहे. बॅटमॅनच्या ज्या कार्टून मालिकेतून हा सिनेमा निघाला तिच्या टीममध्ये नटांना शक्यतो एकाच खोलीत बसवून रेकॉर्ड करायची पद्धत होती, कानाला ते जाणवतं.

कोगन. सिनेमातल्या कोठडीच्या सीनमध्ये तो धूसर आहे, चेहरा धड दिसत नाही. कापलेल्या सीनमध्ये बॅटमॅन फाइल देतो आणि हा ती चाळतो. वाचणंसुद्धा ऐकणंच धरलं मी. नखं, बोटं, कागद उलटायची पद्धत. एवढ्याशा कामात पण छाप पाडली पठ्ठ्याने.

लेटो. इथे अडकले.

२३ मार्च

लेटोसाठी वेगळी नोंद, कारण अख्खा आठवडा यात गेला.

मी एक नियम केला होता, ऐकण्याचा शॉट किमान चार सेकंद न कापलेला पाहिजे. नाहीतर आपण संपादकाचं कौतुक करतो आणि नाव नटाचं घेतो. नियम चांगला आहे, अजूनही तेच म्हणेन. पण २०१६ च्या सिनेमात लेटोचे चार सेकंदांचे शॉट शोधताना हाताला फार थोडं लागलं. बॅटमॅनसमोर तर बोलणंच नाही, गाडीचा पाठलाग, छपरावर बॅटमॅन, गाडी पाण्यात, जोकर गायब. क्लबमधल्या सीनमध्ये समोरचा गुंड बोलतो तेव्हा तो घशातून गुरगुरतो, डोळे फिरवतो, म्हणजे ऐकतानाही "मी जोकर आहे" हे सांगणं थांबत नाही. कपाळावर अक्षरं गोंदवलेल्या माणसाला आणखी काही सांगायची खरंच गरज नसते.

नियम लावून त्याला बाहेर काढणं सोपं होतं. पण मग तुलना कसली, ज्याला संपादनाने मारलं त्याला मी दुसऱ्यांदा मारणार. म्हणून २०२१ ची आवृत्ती काढली. तिथला शेवटाकडचा उद्ध्वस्त जगातला सीन २०२० मध्ये नव्याने शूट झालेला, आणि त्यात निवांत वेळ आहे. केस वाढलेले, गोंदण नजरेत भरत नाही, समोर बॅटमॅन झालेला बेन ॲफ्लेक. आधी लेटो बोलून बोलून जखमा उकरतो. मग बॅटमॅन हार्लीच्या (जोकरची प्रेयसी) शेवटच्या क्षणाबद्दल सांगतो आणि लेटोला ऐकावं लागतं. तिथे पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर काहीतरी सरकतं. महान वगैरे नाही, पण पाच वर्षांपूर्वीच्या त्या गुरगुरण्याशेजारी लावलं की एकाच नटाला वेळ दिला तर काय फरक पडतो ते दिसतं. हे दोन शॉट शेजारीशेजारी लावले, तेवढ्यापुरता चार सेकंदांचा नियम सोडला आणि तसं पडद्यावर लिहिलं.

गंमत म्हणजे याच सीनचं ट्रेलरमधलं एक वाक्य लोकांच्या तोंडी बसलं होतं आणि सिनेमात ते नव्हतंच. मी ते शोधत फुटेज पुढेमागे करत बसले होते.

३० मार्च

ट्रायल अपलोड, फक्त लिंक असलेल्यांना दिसेल असा. काही वेळात संगीतावरून कॉपीराइटचा दावा आला. निकोल्सनच्या संग्रहालयाच्या सीनमध्ये प्रिन्स या गायकाचं गाणं वाजतं, ते मशीन लगेच ओळखतं, मागे बारीक आवाजात असलं तरी. गाण्याचा आवाज काढून वर निवेदन टाकलं, काम झालं. चित्राबद्दल बाकी तक्रार आली नाही कारण बहुतेक शॉट छोटे आहेत आणि प्रत्येकावर माझं बोलणं आहे. जे कोणी असं करणार असतील त्यांनी गाणं असलेले सीन आधीच वेगळे काढून ठेवा, शेवटी काढायला गेलं की सगळी लय बिघडते.

६ एप्रिल

ताईला आणि दोन मित्रांना दाखवला. ताईने सुपरहिरोचा एकही सिनेमा धड बघितलेला नाही, म्हणून मुद्दाम. तिला रोमेरो सगळ्यात जास्त आवडला. "बाकीचे सगळे स्वतःवर फार खूश आहेत, हा बिचारा काम करतोय." मित्रांनी डोक्याला हात लावला. मला तिचं म्हणणं पटलं नाही पण व्हिडिओत घेतलं, कारण आम्ही ज्यांनी हे सिनेमे वीस वेळा बघितलेत त्यांना रोमेरो दिसतच नाही आता.

मित्राची तक्रार वेगळी. सगळे ऐकण्याचे शॉट काळाच्या क्रमाने लावले होते, १९६६ पासून पुढे. त्यामुळे आपोआप असं वाटतं की अभिनय "सुधारत" गेला, रोमेरोपासून फिनिक्सपर्यंत चढण. तसं म्हणायचं नव्हतं मला. क्रम मोडला. आता समोर कोण बोलतंय त्यावर गट पाडलेत: शत्रू बोलतोय, आपला माणूस बोलतोय, अनोळखी माणूस बोलतोय. निकोल्सन आणि लेजर पहिल्या गटात समोरासमोर आले आणि एकदम जमलं, एक ऐकताना लपवतो, दुसरा ऐकताना मजा लुटतो.

१३ एप्रिल

संपलं असं वाटलं तेव्हा २०२४ चा सिनेमा आठवला. फिनिक्सचाच, लेडी गागासोबतचा. पडला म्हणून मी तो यादीत "लागलं तर बघू" असा ठेवला होता. पूर्ण बघितला. बराचसा आवडला नाही, गाणी येत राहतात आणि गोष्ट बसून राहते. पण कोर्टातला गॅरीच्या साक्षीचा सीन, अरे बापरे. आर्थर (फिनिक्सच्या जोकरचं खरं नाव) स्वतःच स्वतःचा वकील, जोकरच्या मेकअपमध्ये, बोलण्याचा ढंग उसना घेऊन नाटक करतोय, आणि समोर त्याचा जुना सहकारी गॅरी (ली गिल) सांगतोय की त्या दिवसानंतर (पहिल्या सिनेमात आर्थरने त्याच्यासमोर खून केला तो) मला झोप लागत नाही, मला भीती वाटते, तूच तर माझ्याशी चांगलं वागायचास. फिनिक्स आधी नाटक चालू ठेवायचा प्रयत्न करतो. हळूहळू ते नाटक पकडून ठेवायला जमेनासं होतं त्याला. मेकअप जोकरचा, ऐकणारा आर्थर.

पूर्ण पाच मिनिटांचा तुकडा ठेवावासा वाटला, एवढा मोठा ठेवता येत नाही. चाळीस सेकंद घेतले, ली गिलचा चेहरा जास्त आणि फिनिक्सचा कमी, कारण सीन खरं तर त्याचा आहे. यासाठी तीन गटांना जोडून चौथा करावा लागला, "ज्याचं नुकसान केलं तो बोलतोय". त्यात २०१९ मधला आर्थर आणि छोटा ब्रूस फाटकाशी भेटतात तो शॉटही हलवणार होते, आर्थर त्याच्या ओठांचे कोपरे बोटांनी वर ओढतो तो. पण तिथे कोणी बोलतच नाही फारसं, त्यामुळे परत जुन्या जागी.

१५ एप्रिल

लांबी चोवीस मिनिटं झाली, वीसच्या वर जायचं नव्हतं. हसण्याच्या भागातून आणखी कापलं, मेकअपचा भाग जवळजवळ सगळा गेला, फक्त मिशी राहिली. दादाने आवाजाच्या पातळ्या सारख्या करून दिल्या, १९६६ चा मोनो बाकीच्यांपेक्षा बारीक होता आणि लेजर मधेच कुजबुजतो मधेच ओरडतो, त्याला एकसारखं करायचं नाही असं मी बजावून सांगितलं, नाहीतर त्याच्या आवाजातली उडीच जाते. चारही गटांची नावं स्क्रीनवर मोठी केली, ताईला वाचता येत नव्हती. एक्सपोर्ट लावलाय. चार सेकंदांचा नियम आणि चेहऱ्याच्या उंचीवाली सेटिंग वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहे, पुढचा नंबर सुपरमॅनचा खलनायक लेक्स लुथरचा, तिथे जीन हॅकमनपासून सुरुवात.